पीएमपीचं ‘सगळं आम्ही बघतो’ पॅकेज आणि त्यात बुडणारे पैसे

“35 तासांचं ट्रेनिंग, अर्ज, परीक्षेची फी, ऑडिट आलं तर तेही आमच्याकडे. नापास झालात तर पैसे परत.” हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीत नोकरी करणाऱ्या आणि प्रमोशनसाठी पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल हे प्रमाणपत्र) करायचं ठरवलेल्या माणसाला अशी जाहिरात कधी ना कधी दिसतेच. यातलं ट्रेनिंग तेवढं क्लासकडून घ्यायची गोष्ट आहे. बाकीचं ज्यानं त्यानं स्वतः करायचं असतं, आणि पैसे बुडतात ते नेमके तिथेच.

आधी खरा क्रम बघा. हे प्रमाणपत्र देणाऱ्या पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडायचं. अर्जात शिक्षण, प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव (चार वर्षांची पदवी असेल तर 36 महिन्यांचा) आणि 35 तासांचं प्रशिक्षण भरायचं. अर्ज मान्य झाला की फी भरायची. काही अर्ज ऑडिटला, म्हणजे कागदपत्रांच्या पडताळणीला, निवडले जातात. ते पार पडलं किंवा आलंच नाही, की एलिजिबिलिटी आयडी मिळतो. हा क्रमांक देऊन पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीकडे परीक्षेची तारीख घ्यायची. मुदत एक वर्षाची, त्यात जास्तीत जास्त तीन प्रयत्न. 35 तासांचं प्रमाणपत्र सोडलं तर या साखळीत क्लासचा कुठेही संबंध येत नाही.

फसवणारा क्लास इथेच हात घालतो. डिग्री आणि सीव्ही मागून घेतो, खातं स्वतःच्या ईमेलवर उघडतो, पासवर्ड स्वतःकडे ठेवतो. परीक्षेची फी ‘पॅकेजमध्ये’ म्हणून रुपयांत घेतो, तीही बहुतेक वेळा कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर. मग एक पीडीएफ पावती येते. वर लोगो, खाली रक्कम, पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र साधा जीमेलचा. पुढे महिनोन्‌महिने एकच उत्तर: “अप्रूव्हल यायचंय, वर प्रोसेसमध्ये आहे.” प्रत्यक्षात अर्ज अर्धवट भरून ठेवलेला असतो. सुरू केलेला अर्ज 90 दिवसांत पूर्ण करावा लागतो, म्हणजे “सहा महिने अर्ज अडकलाय” हे वाक्यच खोटं.

पावती खरी की खोटी यावर डोकं शिणवू नका. पीएमआयच्या खात्यात स्वतः लॉगिन करा. फी गेली असेल तर अर्जाची स्थिती तिथे दिसते आणि आयडी तिथेच मिळतो. आयडीशिवाय पिअर्सन व्ह्यू स्लॉट देतच नाही. त्यामुळे “स्लॉट बुक झालाय, आयडी नंतर पाठवतो” असं कुणी म्हणालं, तर पुढे बोलण्यात अर्थ उरत नाही. स्लॉट खरा असला तरी आणखी एक घोळ होतो. क्लासवाल्यानं नाव टाकताना वडिलांचं नाव गाळलेलं असतं किंवा आडनाव पुढे घेतलेलं असतं. पासपोर्टवरच्या नावाशी ते जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, फीही जाते.

दुसरा सापळा अनुभवाचा. “तीन वर्षं भरत नाहीत? आम्ही बसवतो.” हे लोक एकच मजकूर पन्नास जणांच्या अर्जात चिकटवतात. अर्ज ऑडिटला निवडला गेला की डिग्रीची प्रत, 35 तासांचं प्रमाणपत्र आणि प्रत्येक प्रोजेक्टसाठी त्या वेळच्या मॅनेजरचा दुजोरा द्यावा लागतो. मुदत 90 दिवस. न केलेल्या कामाला दुजोरा देणार कोण? तोवर क्लासनं फोन उचलणं बंद केलेलं असतं आणि अर्जावर नाव असतं उमेदवाराचं. “बॅकडेटेड 35 तास, दोन दिवसांत” विकणाऱ्यांचा मालही ऑडिटमध्येच उघडा पडतो. खरं तर हे तास मिळवणं अवघड नाही. शेवटी चाचणी असलेला रेकॉर्डेड कोर्सही चालतो. सीएपीएम (पीएमआयचंच प्राथमिक पातळीचं प्रमाणपत्र) झालेलं असेल तर वेगळे तास लागत नाहीत. “फक्त आमचेच तास पीएमआय मानतं” हे खोटं. अधिकृत ट्रेनिंग पार्टनर असल्याचा दावा असेल तर ब्रोशरवरच्या लोगोवर जाऊ नका, पीएमआयच्या यादीत नाव शोधा. मुंबई आणि पुण्यात पीएमआयचे चॅप्टर म्हणजे स्थानिक शाखा आहेत, तिथे विचारलं तरी बरीच माहिती मिळते.

पास गॅरंटीच्या अटी सहीआधी वाचा, त्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतात. शंभर टक्के हजेरी, सगळ्या मॉक टेस्टमध्ये 80 टक्क्यांच्या वर, कोर्स संपल्यापासून 30 दिवसांत परीक्षा. असं सगळं जमलं तर ‘परतावा’ म्हणजे पुढच्या बॅचमध्ये फुकट बसायची सोय. पीएमआय उत्तीर्णतेची टक्केवारी जाहीरच करत नाही, तेव्हा “61 टक्के मिळाले की पास” सांगणारा ऐकीव गोष्ट विकतोय. कोचिंगवाल्यांनी यशाची खोटी हमी देण्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केली आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट म्हणूनच सांभाळून ठेवा.

साहित्यही तपासा. 200 प्रश्नांची मॉक टेस्ट मिळाली तर तो 2021 पूर्वीचा शिळा माल. जानेवारी 2021 पासून 180 प्रश्न आले आणि जवळपास अर्धे प्रश्न अजाईल-हायब्रिडचे (काम छोट्या टप्प्यांत किंवा मिश्र पद्धतीनं चालवण्याचे) झाले. पीएमआयच्या जुन्या मार्गदर्शिकेतल्या 49 प्रोसेस आणि त्यांचे इनपुट-आउटपुट पाठ करून घेणाऱ्या क्लासमध्ये तयारी होत नाही, दमछाक होते. परीक्षेची रूपरेषा पीएमआय फुकट देतं आणि वेळोवेळी बदलतं. फी भरायच्या आधी तिची ताजी प्रत क्लासच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा.

‘नो कॉस्ट ईएमआय’ हा सगळ्यात महागडा प्रकार. डेमोच्या दिवशी आधार, पॅन आणि ओटीपी घेतात. तो हप्ता क्लासचा नसतो, उमेदवाराच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज निघालेलं असतं. क्लास बंद पडला तरी हप्ता कापला जातो, थकला तर सिबिल बिघडतो. कर्जाच्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये (अटींचा सारांश देणाऱ्या कागदात) कूलिंग-ऑफचा काळ लिहिलेला असतो. तेवढ्या वेळात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. विचार बदलला तर थेट कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवा. काउन्सेलरला सांगितलं तर तो मुद्दाम तो काळ उलटू देतो.

“परीक्षा घरून द्या, तुम्ही फक्त कॅमेऱ्यासमोर बसा, उत्तरं आमचा माणूस देईल” अशी ऑफरही फिरते. त्यासाठी लॅपटॉपवर रिमोट ॲप टाकायला लावतात, म्हणजे बँकेपासून ऑफिसच्या फाइलींपर्यंत सगळं परक्याच्या हातात. पकडलं गेलं तर निकाल रद्द. नाही पकडलं तर “तुमच्या एचआरला कळवू” म्हणून पुन्हा पैसे मागायला तोच माणूस मोकळा. परीक्षेशिवाय थेट प्रमाणपत्र विकणारेही आहेत. पीएमआयच्या प्रमाणपत्रधारकांच्या नोंदवहीत कुणालाही नाव शोधता येतं, नोकरी देणारी कंपनीही तिथेच शोधते.

पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, त्याच वेळी बँकेला कळवणं. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. तक्रारीला 12 अंकी यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) लागतो. कार्डानं भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागा. “रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका” असं सांगितलं तर ती दुसरी चोरी. पैसे यायला पिन लागत नाही. क्लास खरा आहे पण सेवा दिली नाही, अशा वेळी 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या होते, क्लास दिल्लीचा असला तरी आपल्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. सोबत व्हॉट्सॲप चॅट एक्सपोर्ट करून जोडा आणि जीएसटीचं बिलही. बिल दिलंच नसेल तर तेही तक्रारीत लिहा, आणि दिलं असेल तर त्यावरचा 15 अक्षरांचा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून तो कुणाच्या नावावर आहे ते बघून घ्या, कारण आयोगासमोर प्रतिवादी म्हणून तेच नाव लिहावं लागतं, फलकावरचं नाही.