जुन्या केशरचनांची साधनं: कुठली क्लिप उपयोगी, कुठला रोलर फसवा

जुन्या फोटोतली केशरचना घरी करून पाहिली की ती आरशासमोर छान दिसते आणि तासाभरात उतरते. दोष केसांवर जातो, पण बहुतेक वेळा चुकलेलं असतं ते साधन. १९२० ते १९६० या काळातल्या बऱ्याचशा गाजलेल्या रचना ओल्या केसांवर बसवलेल्या होत्या, आणि आज त्या सरसकट कर्लिंग आयर्नने केल्या जातात. केसातल्या केराटिनचे हायड्रोजन बंध पाण्याने किंवा उष्णतेने सुटतात आणि केस वाळताना किंवा थंड होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणजे आकार पक्का होतो तो वाळायच्या आणि निवायच्या वेळात. तेवढा वेळ जे साधन केसांना हलू देत नाही ते चांगलं. खालचं मत याच निकषावर आहे.

विसाच्या आणि तिसाच्या दशकातल्या फिंगर वेव्हपासून सुरुवात करू. बॉबवर डोक्यालगत बसलेल्या त्या लाटांसाठी वेव्ह क्लिप लागतात: लांबट, किंचित वाकलेल्या, दोन्ही जबड्यांना दात असलेल्या. केस बसवायचं (सेटिंग) लोशन लावलेल्या ओल्या केसांवर तर्जनी आडवी दाबायची, बोटाखालचे केस फणीने साधारण दोन सेंटीमीटर बाजूला सरकवायचे की उंचवटा उभा राहतो. तो दोन बोटांत चिमटून त्यावर क्लिप लावायची आणि पुढची लाट उलट दिशेला घ्यायची. क्लिप विकत घेताना ती मिटून उजेडासमोर धरा. मधोमध फट दिसली तर ती घेऊ नका. नेमका तिथेच उंचवटा सरकतो आणि लाट मधूनच सपाट होते. खांद्यापेक्षा आखूड केसांना दहा-बारा क्लिपा पुरतात.

लोशनसाठी तयार बाटलीच हवी असं नाही. पाव कप जवस दोन कप पाण्यात उकळायचे, चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की आच बंद करायची आणि गरम असतानाच गाळायचं. निवल्यावर ते गाळणीतून उतरतच नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. तयार लोशनची पकड जास्त असते, पण जाड थर दिला की विंचरताना पांढरा भुगा पडतो. त्यामुळे ते पाणी घालून पातळ केलेलंच बरं.

आता पिन कर्लच्या, म्हणजे ओली बट चकतीसारखी गुंडाळून डोक्यालगत धरून ठेवायच्या क्लिपा. सगळ्या साधनांत एकच घ्यायचं झालं तर हेच घ्या. एका दाताची, चारेक सेंटीमीटर लांबीची साधी क्लिप. दोन दातांची जास्त घट्ट बसते, पण पातळ केसांवर वळ उठवते. ती दाट केसांसाठी ठेवा. खांद्यापर्यंतच्या केसांना पन्नास-साठ लागतात, म्हणून वीसच्या पाकिटाने काम भागत नाही. अडीच सेंटीमीटरचा चौकोन घेऊन बट टोकाकडून मुळाकडे गुंडाळायची, चकती टाळूवर सपाट ठेवायची, क्लिपची एक बाजू चकतीच्या मधून आणि दुसरी वरून. टोक चकतीच्या आत गेलंच पाहिजे. बाहेर राहिलं तर ते गळासारखं वाकडं वाळतं आणि मग ब्रशनेही सरळ होत नाही. एक ओळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, पुढची उलट, असं केलं की विंचरल्यावर सलग लाटा पडतात.

वाळायला दाट केसांना सबंध रात्र लागते. मानेजवळची एक चकती उघडून आतला भाग बोटाने चाचपा. गार लागला तर तो अजून ओला आहे. सोडल्यावर प्राण्यांच्या राठ केसांच्या ब्रशने भरपूर विंचरायचं. सुरुवातीला केस पिंजारल्यासारखे फुगतात आणि तिथेच बहुतेकजणी घाबरून थांबतात. थांबू नका. आणखी पाच-सात मिनिटं विंचरल्यावर बटा एकमेकींत मिसळतात आणि चाळिसाच्या दशकातली हॉलिवूड नटी व्हेरोनिका लेक हिच्या, एका डोळ्यावर उतरणाऱ्या केसांसारखी लाट दिसायला लागते. फार देखणा क्षण असतो तो.

या क्लिपांचा मोठा दोष म्हणजे गंज. मुलामा सांध्यापाशी आधी उडतो आणि फिकट किंवा रंगवलेल्या केसांवर तपकिरी डाग पडतात. नवीन पाकिटातली एक क्लिप ओल्या कापसात रात्रभर गुंडाळून ठेवा. सकाळी सांध्यावर रंग दिसला तर ते पाकीट ओल्या केसांसाठी वापरू नका. फोमच्या रोलरवर झोपायला सोपं, हे खरं, पण फोम पाणी धरून ठेवतो आणि त्याची प्लॅस्टिकची पट्टी मुळाशी आडवी घडी पाडते.

चाळिसातल्या व्हिक्टरी रोलला, म्हणजे कपाळावरचे केस गुंडाळून केलेल्या उंच वळकट्यांना, वेगळं साधन लागत नाही, फक्त बऱ्या प्रतीच्या बॉबी पिना लागतात. नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची, कारण पकड त्याच बाजूला असते. टोकावरचा प्लॅस्टिकचा थेंब निघालेली पिन टाकूनच द्या, ती टाळू ओरबाडते.

मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उंच बीहाइव्ह ही रचना १९६० साली मार्गारेट व्हिन्ची हेल्ट यांनी एका व्यावसायिक मासिकासाठी घडवली. एवढा उंच फुगा काढायला तीन ओळींचा अरुंद टीझिंग (केस पिंजारायचा) ब्रश शेपटीच्या कंगव्यापेक्षा सोयीचा पडतो, शेपटी मात्र भाग पाडायला हवीच. दोन सेंटीमीटर जाडीची बट ताठ उभी धरायची, मुळापासून पाच सेंटीमीटरवरून खाली तीन-चारदा दाबायचं, प्रत्येक वेळी ब्रश उचलून पुन्हा वरून. खाली-वर घासलं की गादी होत नाही, नुसता गुंता होतो. आतून जाळीदार पॅड घातलं तर पिंजारणं निम्म्यावर येतं. गुळगुळीत फोमचं पॅड घरंगळतं, ते घेऊ नका. स्प्रे पंचवीस-तीस सेंटीमीटर अंतरावरून मारा. जवळून मारला तर केस ओले होतात आणि सगळा डोलारा खाली बसतो.

अफ्रोसाठीच्या, म्हणजे दाट कुरळ्या केसांच्या गोल फुगाऱ्यासाठीच्या, लांब दातांच्या पिकमध्ये (कंगव्यात) पाहायचं ते दातांवरची साच्याची शिवण. नख फिरवून पाहा. खरखर लागली तर तो केस तोडणारच. आधी कंडिशनर लावून टोकांकडून गुंता सोडवायचा आणि केस वाळल्यावर पिकने फक्त मुळं उचलायची.

अमेरिकन अभिनेत्री फॅरा फॉसेटच्या १९७६ च्या पोस्टरमधले मागे वळलेले केस हवे असतील तर गरम रोलर घ्या. मोठे, ३८ मिलिमीटरच्या आसपासचे, आणि चेहऱ्यापासून मागच्या दिशेने गुंडाळलेले. बटेची रुंदी रोलरपेक्षा जास्त झाली की कडेचे केस निसटून सरळच राहतात. सेटमध्ये तारेचे आकडे आणि पंजासारख्या क्लिपा असं दोन्ही असेल तर क्लिपा वापरा, आकड्यांचा वळ उठतो. पंधरा-वीस मिनिटांनी रोलर हाताला पूर्ण गार लागला तरच काढायचा. कोमट काढलेली बट तासाभरात उतरते, आणि या सेटबद्दलच्या बऱ्याच तक्रारी इथूनच येतात. कर्लिंग आयर्न वापरायचीच असेल तर २५ मिलिमीटरची घ्या आणि प्रत्येक गरम बट गुंडाळून पिन कर्लच्या क्लिपेने निवेपर्यंत बांधून ठेवा.

वेल्क्रो रोलर फक्त फुगवटा देतात. केस जवळजवळ कोरडे असतील आणि खांद्याच्या वर असतील तरच ते लावा. लांब केसांत अडकले की कात्री घ्यायची पाळी येते.

ब्रिटिश केशरचनाकार विडाल ससूनचे साठीतले भौमितिक कट आणि ‘फ्रेंड्स’ मालिकेमुळे गाजलेला नव्वदीतला ‘रेचेल’ यांच्यासाठी क्लिपा-रोलरवर खर्च करू नका. पहिल्यात सगळा आकार कापण्यातच आहे. दुसऱ्याला थरांचा कट आणि गोल ब्रशवर ब्लो ड्राय लागतो.

ऐंशीतल्या पर्मचा (रसायनाने केस टिकाऊ कुरळे करायचा) घरगुती संच मात्र एकटीने वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यातलं थायोग्लायकोलेट केसांचे डायसल्फाइड बंध तोडतं आणि वेळ चुकली तर बट हातात येते. ब्लीच केलेल्या केसांवर तर नकोच, आणि धातूचे क्षार असलेला रंग किंवा तशी मिश्र मेंदी लावली असेल तरीही नको. न्यूट्रलायझरमधल्या (तुटलेले बंध पुन्हा जोडणाऱ्या द्रावातल्या) पेरॉक्साइडशी त्यांची रासायनिक क्रिया होऊन केस तापतात आणि तुटतात.

एक काम उरतं: पिंजारलेला फुगा उतरवणं. कोरड्या केसांत कंगवा घालू नका. आधी सगळ्या पिना काढा, कंडिशनर भरपूर लावा, पाच मिनिटं थांबा आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून दोन-दोन बोटं वर सरकत मुळापर्यंत या.