हात दुखतोय: सतार, युकुलेले की मांडीवरची गिटार?

बोटांचे सांधे धरलेत, तरी तारवाद्य सोडायचं नाही, असं मनात असेल तर आधी दुखणं नेमकं कुठं आहे ते बघा. अंगठ्याच्या मुळाशी, की बोटांच्या शेवटच्या पेरात? माझ्या मते निवड यावरच ठरवावी.

सतारीची ओढ मला कळते. मिरज आपल्या सोलापूरला जवळ, जवारी काढायला, म्हणजे घोडीचा माथा घासून सतारीचा आवाज जुळवायला, तिथले कारागीर आहेत. पण मींड घेताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकताना, बाजाची (मुख्य) पोलादी तार पडद्यावर आडवी ओढावी लागते आणि तो ताण थेट शेवटच्या पेरावर येतो. उजव्या तर्जनीत घालायची, तार छेडायची तारेची नखीही त्याच सांध्याशी आवळून बसते. पेरावर गाठी आल्या असतील तर नखी थोडी उकलून घेता येते, मींडेला तसा उपाय नाही.

युकुलेलेला चार नायलॉनच्या तारा, ताण कमी, सी कॉर्ड तर एका बोटात. पेरं दुखतात त्यांना हे सोसतं. सोप्रानो, म्हणजे सगळ्यात लहान आकार, मात्र नको. त्यात पडदे इतके जवळ असतात की सुजलेली बोटं एकमेकांवर चढतात. त्याहून मोठं कॉन्सर्ट किंवा टेनर घ्या आणि पट्टा लावा, म्हणजे वजन खांद्यावर जाईल. अंगठ्याचं मूळ दुखत असेल तर जपून, कारण दांडीमागून अंगठा टेकवावा लागतोच.

विड्या वळून, शिवणकाम करून अंगठा दुखावलेल्या बायका सोलापुरात पुष्कळ. त्यांना मी हवाईयन पद्धतीची गिटारच सुचवेन. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात गुळगुळीत पोलादी बार. तो तारांवर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. दांडीला तर पकडायचंच नाही. सतारीवर जी मींड जीव काढते, ती इथं बार सरकवला की येते. ब्रिजभूषण काबरांनी याच पद्धतीच्या गिटारीवर राग वाजवले. विश्वमोहन भटांनी त्यातून मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवलं. घरातली जुनी गिटारही चालते: नटवर (दांडीच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीवर) उंच पट्टी बसवून तारा वर उचलून घ्यायच्या. बार खाचेचा घ्या. एप्रिल-मेच्या घामात गोल बार निसटतो आणि मग नकळत चिमूट घट्ट होते. अवघड आहे तो सूर, कारण बार बरोबर पडद्याच्या वर यावा लागतो. गाणं किंवा सतार शिकलेल्यांचा कान तिथं कामी येतो.

व्हायोलिन मी सुचवणार नाही. डावं मनगट वळतं आणि गज अंगठ्याच्या चिमटीतच राहतो.

सकाळी बोटं अर्ध्या तासाहून जास्त ताठ राहत असतील, मुठीचे सांधे सुजत असतील, तर वाद्याआधी संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. आमवात असला तर उशीर परवडत नाही. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या थंडीत वाजवण्याआधी हात कोमट पाण्यात धरा, आणि दहा-दहा मिनिटांनी थांबा.

विकत घेण्याआधी कुणाचं तरी वाद्य आठवडाभर मागून आणा. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीचं पीठ मळताना हात नेहमीपेक्षा जास्त दुखला, तर ते वाद्य परत द्या आणि दुसरं बघा.