८ महिने वापरलेला स्टीम स्टरिलायझर आणि ७९९ चा झाकणाचा डबा: माझा अनुभव

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या स्टरिलायझरचा, म्हणजे लेकीच्या दुधाच्या बाटल्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनचा, ड्रायर (बाटल्या वाळवणारा पंखा) बंद पडला. वाफ व्यवस्थित होत होती, दिवाही लागत होता पण नंतर पंख्याचा घूंऽऽ असा जो आवाज येतो तोच नाही. झाकण उघडलं तर सहाही बाटल्यांना आतून थेंबच थेंब आणि निपलच्या टोकात पाणी अडकलेलं.

आमची लेक ३४ व्या आठवड्यातच जन्मली, वजन कमी, अंगावर नीट ओढायची नाही. त्यामुळे काढलेलं दूध आधी वाटी-चमच्याने आणि मग बाटलीने, असं पहिल्या महिन्यापासून सुरू आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की वेळेआधी झालेलं बाळ आहे, रोज निर्जंतुक करा, टाळाटाळ नको. म्हणून ५,८०० रुपये घालून ड्रायरवालं मॉडेल घेतलं, बिनड्रायरचं ३,२०० ला मिळत होतं. पहिले सहा महिने मी ह्या मशीनचं कौतुकच करत होते, रात्री अडीचला उठून गॅसपाशी उभं राहायला लागत नाही ह्याची किंमत ज्याची त्यालाच कळते.

सर्व्हिसचं सांगते. दोन आठवडे, सहा फोन, मग एकदाचा माणूस आला. त्याने तळाच्या प्लेटवरचा पांढरा थर दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, टँकरचं पाणी वापरलंय, क्षार धरलेत, वॉरंटीत बसत नाही." आम्ही वाघोलीला राहतो, पाणी टँकरचंच आहे, पहिले दोन महिने मी नळाचंच पाणी घातलं ही माझी चूक मान्य. नंतर मात्र फिल्टरचंच घालते आणि पंधरा दिवसांनी लिंबूसत्व घालून प्लेट साफ करते, तसं पुस्तिकेतच लिहिलंय. पण अहो, क्षार प्लेटवर आहेत आणि बंद पडलाय पंखा! प्लेट तर अजून वाफ करतेय! १,४५० रुपये मागितले, वर्षाच्या वॉरंटीत. नाही दिले.

मग बाटल्या वाळवायला ऑनलाइन तो ७९९ चा डबा घेतला, पारदर्शक झाकण, आत खुंट्या, खाली पाणी साठायला ट्रे. पावसाळ्यात उघड्या स्टँडवर काही म्हणजे काही वाळत नाही आणि आमचा ओटा गॅसला लागून, फोडणी दिली की सगळ्यावर तेलकट थर, म्हणून झाकण हवंच होतं. पहिले तीन आठवडे मी इतकी खूश होते की शेजारच्या ताईंनाही घ्यायला लावला. आता ते शब्द परत घेते.

त्या ट्रेला कडेने खाच आहे. जेमतेम करंगळीच्या नखाएवढी रुंद. बाटल्यांचं निथळलेलं पाणी तिथे साठतं, ट्रे कितीही उपडा केला तरी शेवटचं पाणी निघत नाही, ब्रश आत जात नाही. एका सकाळी झाकण उघडलं आणि ओल्या कपड्यांच्या बोळ्यासारखा वास आला. टूथपिकने खाच खरवडली तर टोकाला काळं बुळबुळीत काहीतरी आलं. बाटल्या त्याच्यावरच उलट्या टांगलेल्या. माझ्या पोटात गोळा आला, त्या सगळ्या बाटल्या पुन्हा उकळल्या आणि दुपारी लेकीला घेऊन थेट डॉक्टरांकडे.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, आतला थेंब वाफेचाच आहे, त्याला घाबरू नका. बाटली निवाली की हात स्वच्छ धुऊन लगेच निपल, रिंग, टोपण लावून पूर्ण बंद करा आणि २४ तासांत वापरा, नाही वापरली तर परत निर्जंतुक करा. ओली बाटली उघडी ठेवायची नाही आणि दोन-दोन दिवस ओली कोंडायचीही नाही. कपड्याने तर आतून पुसायचंच नाही. हे मला घरी सांगायला अवघड गेलं कारण सासूबाई रोज धुतलेल्या मलमलच्या फडक्याने इतक्या मायेने पुसायच्या. पण समजावल्यावर त्यांनी त्याच दिवशी फडकं बाजूला ठेवलं. पावडरचं दूध लागलं तर ती पावडर स्वतः निर्जंतुक नसते, ७० अंशांच्या खाली न गेलेल्या गरम पाण्यातच कालवा आणि पाजण्याआधी निवू द्या, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

मग माझ्या लक्षात आलं. मशीनच्या पुस्तिकेत लिहिलंय २४ तास सुरक्षित, पण ते झाकण उघडलं नाही तर! आमच्याकडे दिवसाला आठ वेळा पाजणं, म्हणजे आठ वेळा झाकण उघडायचं, एक बाटली घ्यायची आणि उरलेल्यांना ओट्यावरची हवा. म्हणजे सहा महिने मी ज्या २४ तासांच्या भरवशावर होते ते पहिल्या बाटलीलाच संपत होते. हे खोक्यावर मोठ्या अक्षरात का लिहीत नाहीत?

आता असं करते. मशीन फक्त वाफेसाठी. लाईट नसेल तर पातेल्यात १० मिनिटं खळखळ उकळते, बाटलीत हवेचा बुडबुडा राहू देत नाही, तिरकी करून पूर्ण बुडवते. चिमट्याने काढून झटकते आणि सगळ्या एकदमच जोडून बंद करते, मग एकेक उचलली तरी बाकीच्यांचं काही बिघडत नाही. ठेवायला आईने दिलेला स्टीलचा उभा डबा, गुळगुळीत तळाचा, खाच नाही कोपरा नाही, रोज भांड्यांबरोबर घासून कोरडा करता येतो. डब्यावर चिठ्ठी, त्यावर वेळ, म्हणजे मी ऑफिसला असले तरी सासूबाईंना कळतं.

म्हणजे ड्रायरची गरजच नव्हती, २,६०० रुपये जास्तीचे गेले. नवीन घेणार असाल तर बिनड्रायरचं घ्या. ७९९ च्या डब्यात आता लेकीचे खुळखुळे आहेत, ट्रे फेकून दिला. शेजारच्या ताईंना मी स्वतः जाऊन सांगितलं, त्यांच्या ट्रेची खाचही आम्ही दोघींनी मिळून खरवडली, तिथेही तेच निघालं. पंख्याची तक्रार अजून तशीच पडून आहे, दर सोमवारी फोन करते, १,४५० देणार नाही.