मावळ्यांचे साचे उत्तम, माहितीपत्रक अपुरे

दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे घरीच घडवावेत म्हणून बेळगावच्या खडेबाजारातून घेतलेला हा प्लास्टर ऑफ पॅरिसचा संच माझ्या ८ वर्षांच्या मुलीला फार आवडला. रबरी साचे इतके सुबक आहेत की पगडीची घडीसुद्धा स्पष्ट उमटते. माहितीपत्रकात मात्र प्रमाणच दिलेले नाही, त्यामुळे पहिले मिश्रण पातळ होऊन मावळ्यांच्या ढाली हातात तुटून आल्या. पुढच्या खेपेस १ वाटी पाण्यात २ वाट्या भुकटी भुरभुरवली, साचा हलकेच आपटून बुडबुडे काढले आणि अर्ध्या तासाने अखंड मावळे निघाले. घट्ट होताना प्लास्टर तापते, म्हणून त्यात मुलांनी हात बुडवून ठेवू नये, ही सूचना खोक्यावर असायलाच हवी होती. उरलेले मिश्रण मोरीत ओतू नये (आमची तुंबली). सोबतचे रंग फिकेच आहेत.