अटलांटातील बेल्टलाइनलगतचे भाड्याचे घर : दोन वर्षांच्या वास्तव्यानंतरचा अभिप्राय

अटलांटाकडे येणारी अनेक मराठी कुटुंबे उत्तरेकडील अल्फारेटा, जॉन्स क्रीक किंवा कमिंग या उपनगरांत घर घेतात. शाळा, अंगण आणि ओळखीची माणसे यांचा विचार केला, तर तो निर्णय योग्यच आहे. आम्ही दोघांनी मात्र दोन वर्षांपूर्वी शहराच्या आतल्या भागात, ओल्ड फोर्थ वॉर्डमध्ये, एका पाच मजली संकुलात एका बेडरूमचे घर भाड्याने घेतले. संकुलाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले बहुतेक गुणदोष या भागातील इतर नव्या इमारतींतही आम्हाला दिसले आहेत. नव्याने येणाऱ्याने घराबरोबरच त्याच्या दारातून पायी कुठे जाता येते तेही पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

हे शहर मोटारीचे आहे. असे असूनही आमच्या घराच्या मागच्या फाटकातून बाहेर पडले की चार मिनिटांत बेल्टलाइन या पायी आणि सायकलने फिरण्याच्या रस्त्याचा पूर्वेकडील मार्ग लागतो. शहराभोवतीच्या जुन्या मालवाहू रेल्वेमार्गांना जोडून 22 मैलांचे वर्तुळ तयार करावे, ही कल्पना रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने 1999 साली जॉर्जिया टेकमधील पदव्युत्तर प्रबंधात मांडली होती. पूर्वेकडील टप्पा 2012 मध्ये खुला झाला. आज त्या रस्त्यावर संध्याकाळी तान्ह्या मुलांच्या गाड्या, सायकली, कुत्री आणि काठी टेकत चालणारी ज्येष्ठ मंडळी एकत्र दिसतात. उत्तरेला गेले की पीडमाँट पार्क लागते. त्याच्या अलीकडे 1926 च्या सीअर्स कंपनीच्या प्रचंड विटांच्या इमारतीत पॉन्स सिटी मार्केट भरते. तेथील खाण्याची दुकाने चांगली असली तरी महाग आहेत, त्यामुळे आम्ही तेथे पाहुण्यांना घेऊनच जातो. त्या इमारतीच्या दक्षिणेला असलेल्या हिस्टॉरिक फोर्थ वॉर्ड पार्कमध्ये मात्र आमची रोजची फेरी असते. तेथील तळे शोभेचे वाटते, पण मुळात ते पावसाचे पाणी साठवण्यासाठी बांधले आहे, कारण हा सखल भाग पूर्वी वारंवार तुंबत असे. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास गडगडाटासह मोठी सर येऊन गेली की तळ्याची पातळी वाढलेली डोळ्यांना दिसते.

दक्षिणेकडे चालत गेल्यास ऑबर्न ॲव्हेन्यू लागतो. डॉ. मार्टिन लुथर किंग यांचे जन्मघर, त्यांचे एबेनेझर बाप्टिस्ट चर्च आणि पाण्याच्या लांब हौदाच्या मध्यभागी त्यांची व त्यांच्या पत्नी कोरेटा किंग यांची संगमरवरी समाधी, हे सारे एकाच परिसरात आहे. तेथेच गांधीजींचा पूर्णाकृती पुतळा उभा आहे. 1959 च्या भारतदौऱ्यात किंग दांपत्य मुंबईत गांधीजींचे वास्तव्य असलेल्या मणिभवनात उतरले होते, हे ठाऊक असलेल्या माणसाला त्या पुतळ्यासमोर उभे राहताना वेगळेच वाटते. माझ्या सासूबाई गिरगावात वाढल्या. त्या आल्या तेव्हा समाधीजवळ बराच वेळ चप्पल काढून उभ्या होत्या. असे स्थळ घरापासून पायी अंतरावर असणे, हेच या पत्त्याचे सर्वांत मोठे मोल आहे असे मी मानते.

आता घराच्या आतल्या गोष्टी. तळमजला काँक्रीटचा आणि वरच्या मजल्यांचा सांगाडा लाकडी, अशी आमची इमारत आहे, त्यामुळे वरच्या घरातील माणूस पहाटे कामाला निघाला की त्याचे प्रत्येक पाऊल आमच्या उशाशी पडते. स्वयंपाकघराची अडचण आपल्या लोकांना आधीच सांगितली पाहिजे. शेगडीच्या वरच्या मायक्रोवेव्हला पंखा असतो खरा, पण तो धूर बाहेर न सोडता जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच फेकतो. पहिल्याच आठवड्यात आमटीला फोडणी देताना तेलात सुकी मिरची पडली आणि छतावरचा धुराचा इशारा असा वाजू लागला की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. तेव्हापासून आम्ही बाल्कनीचे दार उघडून, टेबलफॅन बाहेरच्या दिशेला लावून फोडणी देतो. घर पाहायला जाताना तो पंखा धूर बाहेर सोडतो का, हे अवश्य विचारावे.

भाड्याचा हिशेब अधिक जपून करावा लागतो. जाहिरातीतला आकडा बहुधा ‘एक महिना मोफत’ ही सवलत सगळ्या महिन्यांवर वाटून काढलेला असतो. पुढच्या वर्षीची वाढ मात्र मूळ भाड्यावर मोजली जाते. गाडी उभी करण्याचे शुल्क वेगळे असते. दारासमोरून कचरा उचलण्याची सेवा घेतली नाही तरी तिचे पैसे भरावेच लागतात. आमच्याकडे पाण्याचे बिलही मीटरवर न येता रहिवाशांत विभागून येते. जॉर्जिया राज्यात 1984 च्या कायद्याने स्थानिक संस्थांना भाडेनियंत्रण करण्यास मनाई आहे, त्यामुळे कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी भाडेवाढीला मर्यादा नसते. दुसरीकडे, 1 जुलै 2024 पासून अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि घर सोडल्यावर ती तीस दिवसांच्या आत परत करावी लागते. आधीपासून असलेल्या मोडतोडीची यादी राहायला येण्यापूर्वी मागून घ्यावी. आम्ही ती घाईत न वाचता सही केली आणि गालिच्यावरच्या जुन्या डागासाठी पुढे तीन महिने पत्रव्यवहार करत बसलो.

देखभालीची माणसे मात्र मनापासून काम करतात. जुलैच्या दमट उकाड्यात वातानुकूलन बंद पडले, तेव्हा तक्रार नोंदवल्यापासून सहा तासांत ते दुरुस्त झाले. मार्चअखेरीस पाइनचे परागकण उडू लागतात. बाल्कनीच्या कठड्यावर बोट फिरवले की हळदीसारखी पिवळी पूड बोटाला लागते, तुळशीची पाने रोज धुवावी लागतात आणि ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी ते तीन आठवडे खिडक्या बंदच ठेवाव्यात. त्यानंतर डॉगवुड आणि अझेलिया फुलतात, आणि पीडमाँट पार्कमध्ये 1936 मध्ये सुरू झालेला डॉगवुड महोत्सव भरतो.

गाडीशिवाय येथे पूर्ण निभावत नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्वारीचे पीठ, कोकम, ताजी कढीपत्त्याची पाने यांसाठी आम्ही डीकेटरजवळच्या पटेल प्लाझाला जातो, आणि गणेशोत्सवासाठी उपनगर गाठतो. विमानतळावर जाताना मात्र मार्टा या शहरी वाहतूक सेवेची रेल्वे अडीच डॉलरांत थेट टर्मिनलमध्ये सोडते, एवढी सोय उपनगरातल्या आमच्या मित्रांना नाही.

आम्ही गेल्या महिन्यात तिसऱ्या वर्षाचा करार केला. या वेळी भाड्यात घासाघीस करून थोडी सूट मिळवली आणि त्याच इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावरचे, तळ्याकडे तोंड असलेले घर मागून घेतले.