बीएस्सी केमिस्ट्री: तीन वर्षं की चार?

ठाण्यातली मुलं प्रवेशाच्या दिवसांत मला हेच विचारतात. तीन वर्षांत किमान १२० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून ठरणारी एककं) पूर्ण केले की पदवी हातात. तळोजा एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये सुरुवात करायची असेल तर तेवढं पुरतं. फक्त टायट्रेशनवर, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून नमुन्यातलं प्रमाण मोजण्यावर, हात बसलेला हवा.

चौथ्या वर्षासह किमान १६० क्रेडिट लागतात. संशोधनासह ऑनर्स हवं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के आणि पुढे १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प. मात्र त्यानंतर एमएस्सी दोनऐवजी एका वर्षात होऊ शकते, म्हणजे दोन्ही वाटांनी एकूण वर्षं पाचच! संशोधनाची ओढ असेल, तर मी चौथं वर्षच सांगते. एकाच प्रश्नामागे महिनोन्महिने लागायची सवय तिथेच जडते.