आधी ब्रेक ऑइल, मग पॅड, कॅलिपर शेवटी: पोलोच्या ब्रेकचा सोळा महिन्यांचा अनुभव

गाडी २०१५ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर पेट्रोल, पुढे २५६ मिमीची डिस्क, मागे ड्रम. मी चाळीसगावचा. ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे, म्हणजे गाडी रोज पाचोरा, भडगाव, मेहुणबारे फिरते आणि वर्षातून एक-दोनदा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर जाते. जाऊन-येऊन सत्तावीसशे किलोमीटर. घरचे याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी कंपनीतून आली तशीच होती. करी ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा. सरळ पट्टा संपतो तिथे माझी गाडी १३० च्या आसपास असते आणि वळणाला ती ६० वर आणावी लागते. तिसऱ्या फेरीपर्यंत सगळं झकास. चौथ्या फेरीत पाय ठेवला तर पेडल अर्ध्यापर्यंत गेलं, पाचवीत जवळजवळ मॅटला टेकलं. ओल्या स्पंजावर पाय दिल्यासारखं वाटत होतं. दोन-तीनदा पटापट पंप मारून दाब आणला, बाहेरच्या मोकळ्या जागेत गाडी नेली आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, येऊन दहा मिनिटं गप्प बसून राहिलो.

परत येताना दोन हजार रुपयांच्या पेट्रोलइतका विचार केला आणि ठरवलं, मोठे कॅलिपर बसवायचे. (कॅलिपर म्हणजे घर्षणाचे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा चिमटा.) २८८ मिमीची डिस्क आणि त्याच घराण्यातल्या मोठ्या सेडानचे कॅलिपर या गाडीला बसतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून वापरलेली जोडी मागवली. कॅलिपर आणि ब्रॅकेट मिळून १४ हजार, नव्या डिस्क ९ हजार, ट्रॅकवर आणि रस्त्यावर दोन्हीकडे चालणारे पॅड १२ हजार. पार्सल आलं, फोडलं, आणि आमच्या मिस्तरींनी एका कॅलिपरचं रबर सारून पिस्टनवर नख फिरवलं. नखाला गंजाचे खड्डे लागले.

‘हाई काय कामनं नही,’ म्हणाले. मग जुन्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाले, ‘इतला पैसा कसाले लावना भाऊ? आधी तेल बदल ना.’

डबीतलं तेल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. सर्व्हिसच्या बिलावर मात्र ‘ब्रेक ऑइल बदलले’ अशी ओळ होती आणि तिचे पैसेही मी भरले होते. कुठली सर्व्हिस ते जाऊ द्या. झाकण उघडून न बघणारा मीच.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण माझे पैसे वाया गेले ते हे माहीत नसल्यामुळे. ब्रेक तापून दगा देतो तो दोन प्रकारे. एक, पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापतो. तेव्हा पेडल दगडासारखं घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरा, कॅलिपरमधलं तेल उकळतं. तेलाची वाफ दाबली जाते म्हणून पेडल मऊ होऊन खाली जातं. ट्रॅकवर माझं पेडल खाली गेलं होतं, म्हणजे उत्तर पायाखालीच होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पाणी प्यायलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. रोज पाचोऱ्याला जाण्यात हा फरक कधीच कळत नाही.

कागदावर एक हिशेबही मांडला. माझ्यासकट गाडी १२०० किलो. १३० वरून ६० वर आणताना सुमारे सहाशे किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातली ७० टक्के पुढच्या दोन डिस्कवर आणि एका डिस्कचं वजन पाच किलो धरलं, तर एका ब्रेकला डिस्क ऐंशी-नव्वद अंशांनी तापते. मधल्या काळात वारा लागून थोडी निवते, पण दीड-दोन मिनिटांच्या फेरीत असे जोराचे ब्रेक तीन-चार असतात. चौथ्या फेरीला पेडल बसलं यात नवल नव्हतं.

कॅलिपर दुरुस्त व्हायला वेळ लागणार होता. नवे पिस्टन आणि सील किट मागवायचं होतं, ते मिळता मिळेना. ट्रॅकची तारीख मात्र ठरलेली, पैसे भरलेले. म्हणून दुसऱ्यांदा जुन्याच कॅलिपरवर गेलो. फक्त मोतुल आरबीएफ ६०० हे ब्रेक ऑइल भरलं, ज्याचा कोरा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे, आणि जुन्या कॅलिपरच्या मापाचे चांगले पॅड घेतले. आधी घेतलेले १२ हजारांचे पॅड मोठ्या कॅलिपरच्या आकाराचे, ते यात बसत नाहीत. आणखी साडेआठ हजार गेले. (तेल घेताना डॉट ५ आणि डॉट ५.१ यांत गल्लत करू नका. ५ सिलिकॉनचं असतं, आपल्या गाड्यांत ते चालत नाही.)

नाइलाजाने केलेला हा प्रयोगच सगळ्यात जास्त शिकवून गेला. पेडल शेवटपर्यंत घट्ट राहिलं. सहा-सात फेऱ्या दणकून मारता आल्या, मग एक फेरी हळू घेऊन ब्रेक निववले की पुन्हा तयार. म्हणजे माझं ऐंशी टक्के दुखणं दहा-अकरा हजारांत बरं झालं होतं. वीस टक्के उरलं ते असं की पंधरा मिनिटांच्या सत्रात दोन वेळा तरी हळू व्हावं लागायचं, आणि एका दिवसात पॅड निम्मे झिजले. कडा पांढुरक्या पडून भुरभुरत होत्या.

मोठे कॅलिपर शेवटी आठ महिन्यांपूर्वी चढले. मिस्तरींच्या शेडमध्ये एक अख्खा रविवार गेला. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी सील असते. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर जराशी पिळते, सोडला की पूर्ववत होताना पिस्टनला मागे ओढते. पॅड डिस्कवरून सुटतो तो एवढ्याशा रबरामुळे, हे त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. मिस्तरींनी पिस्टनला ब्रेक ऑइल लावून अंगठ्याने सरळ आत दाबला. वाकडा गेला असता तर सील कापली गेली असती. मग गाइड पिनांना ग्रीस, नवे होज, आणि हवा काढायला मी पेडलवर, ते खाली निपलपाशी. ‘दाब. धर. सोडू नको.’ दीड तास हेच.

नवे पॅड डिस्कवर घासून रुळवून घेणं लोक टाळतात. ते टाळू नका. पहाटे धुळे रोडवर मागेपुढे कोणी नाही बघून १०० वरून २० पर्यंत दहा वेळा आणली, पूर्ण थांबवली नाही, मग दहा किलोमीटर ब्रेकला हात न लावता चालवली. सातव्या-आठव्या वेळी जळका वास येतो, घाबरायचं नाही. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा चढावा म्हणून हे करायचं. तापलेला ब्रेक दाबून गाडी उभी ठेवली तर थर एका जागी जाड बसतो आणि स्टेअरिंग थरथरतं. त्याला लोक ‘डिस्क वाकली’ म्हणतात.

तिसऱ्या ट्रॅक दिवशी फरक दिसला तो असा: पंधरा मिनिटांचं सत्र एकदाही हळू न होता पूर्ण झालं. पिटमध्ये इन्फ्रारेड गनने मोजलं तर जुन्या डिस्कला ४०० च्या पुढे दिसायचं तिथे आता ३२० ते ३४०. (चकचकीत धातूवर ही गन कमी आकडा दाखवते. तुलनेपुरतंच धरा.) पॅड दिवसभरात पाव भागही झिजले नाहीत. पण लॅप टाइम? अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही. एकदाच करकचून ब्रेक मारला तर गाडी पूर्वी जेवढ्यात थांबायची तेवढ्यातच थांबते. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आधीही लागायचं, आताही लागतं. गाडी थांबवतो टायर. मोठ्या डिस्कला फक्त तसा ब्रेक पुन्हा पुन्हा सोसतो. हे मला कोणी १४ हजार देण्याआधी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, माहीत नाही.

आता रोजच्या वापराचं. डिसेंबरात सकाळी सातला आमच्याकडे अंगावर काटा येणारी थंडी असते. गल्लीतून निघाल्यावर पहिले दोन ब्रेक लाकडासारखे लागतात. ट्रॅककडे झुकणारा पॅड गरम झाल्याशिवाय पकडत नाही. एप्रिल-मेमध्ये हा प्रश्नच नाही, आमच्याकडे गाडी सावलीतच तापलेली असते. कन्नड घाट उतरताना पेडलचा विश्वास वाटतो हे खरं, पण खालचा गिअर ठेवून उतरलं तर जुन्या ब्रेकलाही तिथे काही होत नव्हतं.

आवाज हा मोठा ताप. हळू वेगात, थांबायच्या बेताला, एसटीसारखी किंकाळी येते. धुळ्याला सासुरवाडीत मी कोपऱ्यावर वळलो की सासूबाई चहाचं आधण ठेवतात. व्हीलवर काळी भुकटी बसते, आठवड्यात धुतली नाही तर चिकटते.

आणि स्टेपनी. २८८ च्या डिस्कला किमान १५ इंची चाक लागतं. माझ्या डिकीतली स्टेपनी १४ इंची. हे मला कळलं जूनमध्ये, मेहुणबाऱ्याच्या अलीकडे, पुढचं डावं चाक पंक्चर झाल्यावर, पावसात. स्टेपनी कॅलिपरवर अडकून फिरेना. शेवटी मागचं चाक काढून पुढे लावलं आणि स्टेपनी मागे ड्रमवर. जॅक दोनदा लावायचा, तोही चिखलात. एक केळीवाला ट्रक थांबला, ड्रायव्हरने चाकाखाली लाकडी गुटका दिला आणि ‘पुढे कसं नाही बसत?’ असं तीनदा विचारलं. आता डिकीत १५ इंची चाक आहे, त्याचे वेगळे पैसे.

विम्याचंही बघून घ्या. शर्यत आणि वेगाची चाचणी खासगी गाडीच्या पॉलिसीत बसत नाही, ट्रॅकवर जे होईल ते आपल्या खिशातून. आणि पार्ट बदलल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा. मी मेल केला आणि त्याची प्रत गाडीच्या कागदांत ठेवली.

एकूण खर्च सगळा धरून ५८ हजारांच्या आत-बाहेर. मला विचाराल तर वर्षातून एकदा ट्रॅकवर जाणाऱ्याने तेल आणि पॅडवर थांबावं, आणि ते तेल दर ट्रॅक दिवसाआधी बदलावं. मी कॅलिपर काढणार नाही, कारण पंधरा मिनिटं सलग चालवायची चटक लागली आहे. पण रोजच्यासाठी शांत पॅडचा एक जोड मागवला आहे. ट्रॅकचे फक्त कोइमतूरला निघायच्या आदल्या दिवशी चढतील.

जुने कॅलिपर ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. गाडी विकताना परत चढवायचे. सासूबाईंना नव्या पॅडचं अजून सांगितलेलं नाही.